शिलेदार की बारगीर?

मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार मात्र आपला घोडा, आपली तलवार आणि आपला खोगीरभार घेऊन चाकरीला उभा राही. बारगिराचा घोडा पडला तर सरकारचा पडला. शिलेदाराचा पडला तर त्याचे घरच बसले. साहजिकच शिलेदार मोबदला अधिक मागे आणि त्याचा तोराही वेगळा असे. पण राज्यकर्त्याच्या दृष्टीने पाहाल तर बारगीर बरा! तो हुकमात राहतो, हिशेबात राहतो, हजेरीपटावर राहतो. शिवछत्रपतींनी पागेवर भर दिला आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीत ठेवले, त्यामागे हाच विचार होता.

इंग्रजी भाषेतही शिलेदाराला जुळणारा एक शब्द आहे. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीत भाडोत्री भालाइतांसाठी तो आला आणि पुढे रूढ झाला. 'फ्रीलान्स', म्हणजे ज्याचा भाला कोणा एका धन्याला बांधलेला नाही असा माणूस. आज लंडनच्या पेढीत बसून यंत्रगणकाची आज्ञावली लिहिणारा, दूरचित्रवाणीवर मुलाखती घेणारा किंवा बदली डॉक्टर म्हणून इस्पितळात रात्रपाळी करणारा माणूस स्वतःला याच नावाने ओळखतो. परंतु ज्याने डोईला शिलेदाराची पगडी बांधली आहे, त्याच्या मांडीखालचा घोडा खरोखर त्याचा आहे की पागेचा, हे ठरवायचे कोणी? या एका प्रश्नापायी ब्रिटनमध्ये गेली पंचवीस वर्षे भांडण चालू आहे. त्या भांडणाचे नाव मोठे रुक्ष आहे : 'आयआर ३५'. नाव रुक्ष असले तरी गोष्ट रुक्ष नाही, कारण ती माणसाच्या भाकरीची आणि त्याच्या स्वातंत्र्याची आहे.

गोष्टीचे मूळ शोधायचे तर नेपोलियनच्या काळात जावे लागते. फ्रेंचांशी चाललेल्या लढाईला पैसा पुरेना, म्हणून पंतप्रधान धाकटा पिट याने १७९९ साली प्राप्तिकर बसवला. १८०३ साली ॲडिंग्टनने त्याची नीट घडी घातली. उत्पन्नाचे पाच वर्ग पाडले, त्यांना 'ए' पासून 'ई' पर्यंत अक्षरे दिली आणि शक्य तेथे पैसा हाती पडण्यापूर्वीच कर कापून घेण्याची युक्ती काढली. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न 'डी'त गेले, सरकारी हुद्देदारांचे 'ई'त. लढाई संपल्यावर १८१६ साली हा कर रद्द झाला खरा, पण १८४२ साली पीलने तो पुन्हा आणला आणि मग तो काही गेला नाही. आपल्याकडे सत्तावनच्या बंडाने खजिना रिता केला, तेव्हा जेम्स विल्सनने १८६० साली हेच रोपटे हिंदुस्थानात आणून लावले. बिचारा त्याच वर्षी ऑगस्टात कलकत्त्याला वारला. रोपटे मात्र जगले!

१९२२ साली ब्रिटनमध्ये खाजगी नोकरदारांनाही 'डी'तून उचलून 'ई'त घातले. तरीही सामान्य कामगार कराच्या जाळ्याबाहेरच होता. त्याला आत ओढले ते दुसऱ्या महायुद्धाने. लाखो कामकऱ्यांकडून वर्षाअखेर कर वसूल करणे अशक्य झाले, तेव्हा दर आठवड्याच्या पगारातूनच तो कापावा अशी योजना निघाली. तिचे नाव 'पे'. 'कमवाल तसा भरा' असा त्याचा अर्थ. अर्थमंत्री सर किंग्जली वुड ही योजना पार्लमेंटात जाहीर करणार होते तो दिवस होता २१ सप्टेंबर १९४३. आणि त्याच दिवशी त्यांना मृत्यूने गाठले. योजना ६ एप्रिल १९४४ पासून सुरू झाली. ती आखण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते पॉल चेंबर्स त्याआधी १९३७ ते १९४० या काळात हिंदुस्थान सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

त्या दिवसापासून ब्रिटनमध्ये कराच्या दृष्टीने दोन जाती झाल्या. नोकरदाराचा कर पगाराच्या पाकिटात हात घालण्यापूर्वीच गेलेला असतो. स्वतंत्र व्यावसायिकाच्या हाती सगळी रक्कम येते. तो खर्च वजा घालतो आणि सवडीने कर भरतो. १९४८ साली राष्ट्रीय विम्याची योजना आली आणि हे अंतर आणखी वाढले. नोकर ठेवला तर त्याच्या विम्याच्या हप्त्यात धन्यालाही आपला हिस्सा घालावा लागतो. बाहेरच्या स्वतंत्र माणसाकडून काम करून घेतले तर लागत नाही. झाले! धन्याला शिलेदार स्वस्त पडू लागला आणि शिलेदारालाही बारगिरापेक्षा चार पैसे अधिक सुटू लागले. तोटा कोणाचा, तर सरकारचा.

मग प्रश्न कोर्टात गेला. १९६७ साली न्यायमूर्ती मॅकेना यांच्यापुढे एका काँक्रीट वाहून नेणाऱ्या लॉरीवाल्याचे प्रकरण आले. लॉरी त्याने हप्त्याने घेतलेली, तिला रंग कंपनीचा, अंगावर गणवेश कंपनीचा. पण लॉरीची देखभाल, दुरुस्ती, तेलपाणी सगळे त्याचे. आणि आपल्या जागी दुसरा चालक पाठवण्याचीही त्याला मुभा होती. न्यायमूर्तींनी तीन कसोट्या सांगितल्या. माणूस मोबदल्यासाठी स्वतःच्या अंगमेहनतीने काम करायला बांधला गेला आहे काय? कामावर धन्याची हुकमत पुरेशी आहे काय? आणि कराराच्या बाकीच्या अटी चाकरीशी जुळतात काय? या कसोट्यांवर तो लॉरीवाला नोकर ठरला नाही. अंगरखा बारगिराचा असला तरी घोडा त्याचा होता! पुढे १९९० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीच्या एका तंत्रज्ञाचा खटला गाजला. त्याच्याजवळ स्वतःचे यंत्र एकही नव्हते, पण तो वर्षानुवर्षे वीस-बावीस कंपन्यांची एक-दोन दिवसांची कामे करीत होता. तोही स्वतंत्रच ठरला. कसोट्यांची यादी घेऊन एकेकीसमोर खूण करीत बसू नका. सगळे बारकावे भरून चित्र रंगवा आणि दूर उभे राहून ते पाहा, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. न्याय म्हणून हे उत्तम आहे. परंतु ज्याला येत्या सोमवारी करारावर सही करायची आहे, त्याने चित्र कधी रंगवावे आणि दूर कधी उभे राहावे?

दरम्यान सरकारच्याच एका कायद्याने नवी वाट पाडून ठेवली होती. कामे मिळवून देणाऱ्या दलालांमार्फत जे लोक काम करतात त्यांना कराच्या दृष्टीने नोकर धरावे, असे १९७५ च्या कायद्याने ठरवले. दलालांनी लगेच सुटका शोधली : 'तुमची कंपनी असेल तरच काम देऊ!' कंपनी हा कायद्याने वेगळा इसम आहे, हे व्हाइटचॅपेलच्या सॅलोमन नावाच्या बूटवाल्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९७ सालीच सांगून ठेवले होते. तेव्हा एकट्या माणसाच्या कंपन्या निघाल्या. संचालक तोच, भागधारक तोच, कारकून तोच, शिपाईही तोच. कंपनीकडून पगार अगदी बेताचा घ्यायचा आणि उरलेला नफा लाभांश म्हणून उचलायचा. लाभांशावर विम्याचा हप्ता नाही. काही भाग बायकोच्या नावे ठेवले की घरात कर आणखी कमी! यात बेकायदा काहीही नव्हते.

एकविसावे शतक तोंडावर आले तेव्हा या कंपन्या फार झाल्या होत्या. ९ मार्च १९९९ रोजी अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी अर्थसंकल्प मांडला, त्याच्यासोबत प्राप्तिकर खात्याने पत्रके काढली. त्यातल्या पस्तीस क्रमांकाच्या पत्रकात तक्रार होती ती अशी : माणूस शुक्रवारी संध्याकाळी नोकरी सोडतो आणि सोमवारी सकाळी त्याच जागी, तेच काम करायला 'सल्लागार' होऊन येतो; कर मात्र पुष्कळ कमी भरतो. पत्रकाचा क्रमांक हेच पुढे कायद्याचे नाव होऊन बसले. ६ एप्रिल २००० पासून नियम लागू झाला. मधली कंपनी क्षणभर नाही असे समजा. हा माणूस आणि त्याचे काम घेणारा धनी यांच्यात सरळ करार असता तर तो नोकर ठरला असता काय? उत्तर होकारार्थी असेल तर खर्चासाठी पाच टक्के सोडून बाकीच्या जवळजवळ सगळ्या रकमेवर पगारासारखा कर भरा.

स्वतंत्र व्यावसायिकांनी १९९९ सालीच संघटना उभारली आणि सरकारला कोर्टात खेचले. २००१ साली तेथे ते हरले, त्याच वर्षाच्या अखेरीस अपिलातही हरले. पण विरोध अगदी वाया गेला असेही नाही. कोण नोकर आणि कोण स्वतंत्र हे धन्याने ठरवावे असा सरकारचा मूळ बेत होता. तो बदलून, ज्याचे त्याने ठरवावे असे झाले. म्हणजे शिलेदारानेच आपल्या घोड्याचा दाखला लिहायचा! शंभरातले किती जण स्वतःला बारगीर लिहून देतील? कायदा पुस्तकात राहिला आणि सतरा वर्षे कामे बहुधा पूर्वीसारखीच चालली.

२०१७ च्या एप्रिलात सरकारने डाव फिरवला. सरकारी कचेऱ्या, इस्पितळे, बीबीसी अशा सार्वजनिक संस्थांत निर्णय संस्थेने करायचा, आणि चुकला तर भुर्दंड तिच्यावर किंवा पैसे देणाऱ्या दलालावर. खाजगी क्षेत्राला हाच नियम २०२० च्या एप्रिलात लागू व्हायचा होता. महामारीमुळे तो वर्षभर लांबला आणि ६ एप्रिल २०२१ पासून आला. लहान कंपन्या तेवढ्या वगळल्या. वरवर पाहता बदल एका सहीचा. पण सही ज्याची, भीती त्याची! चूक झाली तर दंड आपल्या डोक्यावर बसणार म्हटल्यावर मोठ्या संस्था चित्र रंगवीत बसतील कशाला? लंडनमधल्या काही बड्या बँकांनी कायदा येण्यापूर्वीच, एकट्याच्या कंपन्यांकडून यापुढे काम घेणार नाही असे सांगून टाकले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तर २०१७ साली बदली डॉक्टर आणि परिचारिका या सगळ्यांनाच सरसकट नोकर धरा असा आदेश निघाला, आणि काही महिन्यांतच तो मागे घ्यावा लागला. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

घरखर्चाच्या भाषेत सांगायचे तर एक ढोबळ हिशेब मांडू. समजा, एका कुशल माणसाला दिवसाला ४०० पौंड मिळतात आणि वर्षात २२० दिवस काम मिळते. झाले ८८,००० पौंड. तो स्वतंत्र ठरला तर ही सगळी रक्कम त्याच्या कंपनीत जमा होते. कंपनीचा कर, लाभांशाचा कर पुढे आहेतच. तो नोकरासारखा ठरला, तर दलाल बहुधा त्याला 'छत्री कंपनी'कडे पाठवतात. ही कंपनी कागदोपत्री त्याची मालकीण होते आणि त्याच ८८,००० तून धन्याचा विमा-हिस्साही भागवते. एप्रिल २०२५ पासून हा हिस्सा ५,००० पौंडांवरच्या पगारावर १५ टक्के आहे. शिवाय शिकाऊ कामगारांसाठीची अर्धा टक्का पट्टी वेगळी. हे वजा जाता पगार म्हणून उरतात सुमारे ७६,८०० पौंड. म्हणजे त्याचा स्वतःचा कर आणि स्वतःचा हप्ता सुरू होण्यापूर्वीच ११,००० पौंडांवर पाणी पडले, आणि छत्रीवाल्यांची दलाली निराळीच. सुट्टीचा पगारही बहुधा त्याच पैशातून बाजूला काढून त्यालाच परत दिला जातो. ज्याच्या पेढीत तो दिवसभर राबतो, त्या पेढीकडून ना निवृत्तिवेतन, ना आजारपणाची रजा, ना उद्याची हमी. कर बारगिराचा आणि जोखीम शिलेदाराची, अशी ही अवस्था!

माणसांनी मग ज्याला जी सुचली ती वाट धरली. कोणी दर वाढवून मागितला आणि हुन्नर दुर्मीळ असेल तर तो मिळालाही. कोणी निमूटपणे कायमची नोकरी पत्करली. कोणी लहान कंपन्यांचीच कामे घेऊ लागला, तर वयाने झुकलेल्यांनी दुकान बंद केले. २०२१ साली ब्रिटनमध्ये लॉरीचालकांचा मोठा तुटवडा पडला, तेव्हा वाहतूकदारांच्या संघटनेने सांगितलेल्या अनेक कारणांत हाही नियम होता. १९६७ साली लॉरीवाल्यापासून सुरू झालेली गोष्ट फिरून लॉरीवाल्यापाशीच आली.

कोर्टातली गंमत तर विचारू नका. बीबीसीच्या वृत्तनिवेदिका क्रिस्टा ॲक्रॉइड यांच्या कंपनीकडे खात्याने ४,१९,१५१ पौंडांची मागणी केली होती. २०१८ साली त्या हरल्या. २०१९ साली दुसऱ्या निवेदिका लॉरेन केली यांच्यावर सुमारे १२ लाख पौंडांचा दावा होता, त्या जिंकल्या. त्या पडद्यावर वावरतात ते कलावंताच्या नात्याने, आपले व्यक्तिमत्त्वच त्या प्रयोगासारखे सादर करतात, असे न्यायाधीशांना वाटले. के ॲडम्स या निवेदिकेचे प्रकरण तर पिढीजात भाऊबंदकीसारखे चालले. २०१९ त जिंकल्या, २०२१ त जिंकल्या, २०२२ त अपील कोर्टाने खटला फेरविचारासाठी परत पाठवला, आणि २०२३ त त्या पुन्हा जिंकल्या. दावा होता सुमारे सव्वा लाख पौंडांचा! पैसा थोडा आणि वकील फार असलेल्या सामान्य कारागिराने काय करावे? तो भांडत नाही. तो सांगतील तेथे सही करतो.

आणि खुद्द सरकारचे काय? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ज्या सरकारने नियम केला त्याच्याच खात्यांना तो पाळता आला नाही. श्रम व निवृत्तिवेतन खात्याला ८ कोटी ७९ लाख पौंड भरावे लागले, गृहखात्याला २ कोटी ९५ लाख. २०२०-२१ या एका वर्षात सरकारी खात्यांची अशी देणी २६ कोटी ३० लाख पौंडांच्या घरात गेल्याचे राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात दाखवून दिले. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातलेला हा पैसा; पण ज्या कायद्याचा अर्थ कायदा करणाऱ्याच्या कारकुनांना लागत नाही, तो घरी बसून एकट्याने हिशेब लिहिणाऱ्याला कसा लागावा?

२०२२ च्या शरदात तर एक नाट्यच घडले. २३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी २०१७ आणि २०२१ चे दोन्ही बदल रद्द करण्याची घोषणा केली. स्वतंत्र व्यावसायिकांच्या घरी दिवाळी आधीच आली! पण बाजार कोसळला, अर्थमंत्री गेले, आणि १७ ऑक्टोबरला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी ती घोषणा मागे घेतली. अवघ्या चोवीस दिवसांचे राज्य. त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन होते २४ ऑक्टोबरला. तोवर लक्ष्मी आल्या पावली परतली होती.

या गोंधळाचा खरा बळी मात्र वेगळाच आहे. नियमाच्या जाचातून सुटण्यासाठी काहींनी अशा योजनांचा आश्रय घेतला की, ज्यांत पगाराऐवजी 'कर्ज' मिळे आणि ते कधी फेडायचे नसे. विकणाऱ्यांनी कायदेशीर म्हणून विकले, घेणाऱ्यांनी विश्वासाने घेतले. २०१९ साली सरकारने मागच्या कित्येक वर्षांच्या अशा कर्जांवर एकदम कर लावला. घरे विकली गेली, संसार मोडले, काहींनी जीवही दिले. विकणारे बहुतेक पैसे घेऊन केव्हाच पसार झाले होते. हे पाहूनच ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात, छत्री कंपन्यांमार्फत होणाऱ्या कामाच्या कराची जबाबदारी एप्रिल २०२६ पासून दलालांवर टाकण्याचे जाहीर झाले. उपाय योग्य आहे. उशिराचा आहे, एवढेच.

हे सारे साता समुद्रापलीकडचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकमधल्या मानद आणि सल्लागार डॉक्टरांना मिळणारा पैसा पगार धरायचा की व्यावसायिक मोबदला, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१५ साली न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचे म्हणणे फेटाळले आणि ते डॉक्टर नोकर नाहीत असा निर्णय दिला. उलट, सौराष्ट्रातल्या मिठागरांवर मिठाच्या वजनावर पैसे घेणारे आगरिया हे स्वतंत्र मक्तेदार नव्हेत, कामगारच आहेत, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच म्हटले होते. डॉक्टरला शिलेदार ठरण्यात लाभ होता, आगरियाला बारगीर ठरण्यात. दोघांच्याही प्रकरणात कोर्टाने पगडीकडे न पाहता घोड्याकडे पाहिले.

सरकारची बाजू खोटी आहे असे मुळीच नाही. एकाच टेबलाशी बसून एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाने पुरता कर भरावा आणि दुसऱ्याने निम्म्यावर सुटावे, हे न्यायाचे नव्हे. इस्पितळे आणि शाळा त्याच करावर चालतात. पण ज्याला तुम्ही बारगीर म्हणून हजेरीपटावर घेता, त्याला पागेतला घोडा आणि दाणावैरणही द्यायला हवी. कर नोकरीचा घ्यायचा आणि नोकरीचा आधार मात्र द्यायचा नाही, ही रीत कोणत्याही पागेत चालली नसती. ब्रिटनच्या कायद्याने गेली पंचवीस वर्षे कराचा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला. हक्काच्या प्रश्नाला त्याने हातच घातलेला नाही, आणि भांडण मिटत नाही ते त्यामुळेच.

आज महाराष्ट्रातली किती तरी मुले-मुली त्या देशात डॉक्टर आहेत, अभियंते आहेत. दिवाळीच्या दिवशी दूरध्वनी येतो आणि मुलगा उत्साहाने सांगतो, "बाबा, नोकरी सोडली, आता मी स्वतःची कंपनी काढतोय." अशा वेळी आनंद जरूर व्यक्त करावा, आशीर्वादही द्यावा. मग फराळाची चौकशी झाली की हळूच एवढे विचारावे : कामावर हुकूम कोणाचा? तुझ्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का? आजारी पडलास तर महिन्याचा खर्च कसा भागणार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी तयार असली, तर त्याच्या मांडीखालचा घोडा त्याचाच आहे असे समजून निश्चिंत व्हायला हरकत नाही.